हिरव्या, लाकडी वासाचं अरबी अत्तर: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘हिरवा’ आणि ‘लाकडी’ म्हणजे नेमका कसला वास?

हिरवा म्हणजे कढीपत्त्याचं पान चुरगळल्यावर, गवत कापल्यावर किंवा द्राक्षबागेत छाटणी चालू असताना हवेत येतो तो कच्चा, रसाळ, थोडा कडवट वास. लाकडी म्हणजे वखारीतल्या ताज्या भुशाचा, पेन्सिलीला टोक काढतानाचा, सहाणेवर उगाळलेल्या चंदनाचा. या दोन्हींच्या मधोमध वाळा बसतो. मूळ असल्यामुळे त्यात माती, लाकूड आणि हिरवेपणा तिन्ही असतं. अशा अत्तरांत म्हणूनच वाळा हमखास भेटतो.

हिरवेपणासाठी गॅल्बनम नावाचा डिंकही वापरतात. तो मुख्यतः इराणातून येतो आणि ज्या झाडापासून मिळतो ते आपल्या हिंगाच्याच कुळातलं. पहिल्या मिनिटाला काहींना ढोबळी मिरची चिरल्यासारखा वास येतो, तो भास नाही. गॅल्बनममध्ये आणि ढोबळी मिरचीत पायराझीन नावाचं एकच वासाचं रसायन असतं. सोव्हिन्यों ब्लांक द्राक्षातही तेच सापडतं, त्यामुळे इथल्या वायनरीत काम करणाऱ्यांना हा वास ओळखीचा वाटतो.

अरबी अत्तरातला ‘ऊद’ आणि आपण घरात जाळतो तो ऊद एकच का?

नाही. मराठी घरात निखाऱ्यावर टाकतात तो ऊद म्हणजे झाडाची राळ, लोबानच्या जातीचा. अरबी ऊद म्हणजे अगरू. अगरूच्या झाडाला बुरशी लागली की त्याच्या खोडात काळपट, राळेने भरलेलं लाकूड तयार होतं, त्याचं हे तेल. आपल्याकडे ही झाडं ईशान्येत, मुख्यतः आसामात आहेत. बेसुमार तोडीमुळे यातल्या एका प्रमुख जातीचा 1995 साली साइट्स कराराच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) परिशिष्ट 2 मध्ये समावेश झाला.

स्वस्त बाटलीवर ऊद लिहिलेलं असेल तर आत बहुधा ऊदासारखा वास देणारं मिश्रण असतं. अशा मिश्रणात नागरमोथ्याचं तेल सर्रास वापरतात. नागरमोथा दिवाळीच्या उटण्यातही असतो. तेव्हा ‘हा वास कुठेतरी आधी घेतलाय’ असं वाटलं, तर उटण्याची पुडी आठवून बघा.

बाटली उघडून हुंगली तर नाकात बोचतं. माल खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. बाटलीच्या तोंडाशी हुंगून अत्तर कळत नाही, आणि हे तर मुळीच नाही. हिरव्या वासाचे रेणू हलके असतात आणि झाकण उघडताच तेच आधी नाकावर येतात. त्वचेवर पहिली 10 ते 20 मिनिटं त्यांचीच असतात, आणि ती मिनिटं फसवी असतात. कुणाला औषधासारखं वाटतं, कुणाला कच्च्या भाजीसारखं. त्यानंतर मधला भाग उघडतो, तासाभराने देवदार, वाळा, चंदन पुढे येतात आणि पुढे सहा-आठ तास तेच राहतात.

दुकानात म्हणूनच घाई करू नका. एका वेळी तीनपेक्षा जास्त वास घेऊ नका, तेही कागदी पट्टीवर. त्यातला एकच मनगटावर लावा आणि मेन रोडला तासभर बाकीची खरेदी उरका. परत येईपर्यंत वास जिथे आलेला असेल, त्यावर ठरवा. मध्ये मध्ये कॉफीच्या बिया हुंगून फारसं काही होत नाही. नाक थकलं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या, नाहीतर दुकानाबाहेर येऊन पाच मिनिटं थांबा.

एका वेळी किती लावायचं?

काचेच्या सळईचे दोन टिपके. रोल-ऑन असेल तर दोन जागी बोटाच्या पेराएवढी एकेक रेघ. बस्स.

स्प्रेची सवय असलेल्यांचं इथेच चुकतं. स्प्रेत बहुतांश अल्कोहोल असतं आणि ते उडून जातं. तेलात उडून जाणारं असं फार काही नसतं, जे लावलं ते अंगावरच राहतं. एका मिलीत साधारण 25 ते 30 थेंब येतात. म्हणजे रोज एक थेंब वापरला तर 3 मिलीची कुपी अडीच महिन्यांच्या आसपास पुरायला हवी. तुमची तीन आठवड्यांत संपत असेल तर तुम्ही जास्त लावताय, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ते कधीच कळलेलं आहे.

लावायची नीट पद्धत कोणती?

आंघोळीनंतर अंग टिपून झालं की लगेच, कपडे घालण्याआधी. त्वचा तेव्हा किंचित ओलसर आणि कोमट असते.

1. जिथे लावायचं तिथे बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेलीचं अगदी पातळ बोट फिरवा. कोरड्या त्वचेवर अत्तर लवकर विरतं. खोबरेल तेल नको, त्याचा स्वतःचा गोडसर वास हिरव्या वासाला मारतो.
2. सळई कुपीच्या तोंडाशी आतून पुसून घ्या, म्हणजे जादा तेल परत कुपीत जाईल.
3. एक टिपका कानामागच्या खळगीत, दुसरा कोपराच्या आतल्या घडीत. समारंभ असेल तर तिसरा छातीच्या मध्यावर, सदऱ्याच्या आत.
4. बोटाने हलकं दाबा.
5. दोन-तीन मिनिटं तशीच जाऊ द्या आणि मग कपडे घाला.

मनगट हा सगळ्यांचा आवडता पर्याय, पण दिवसातून दहा वेळा हात धुणाऱ्याने तिथे लावून उपयोग नाही. कोपराची घडी बरी. टाल्कम पावडर लावत असाल तर त्या जागा सोडून लावा, पावडर तेल शोषून घेते.

मनगटं एकमेकांवर घासली तर अत्तराचे रेणू तुटतात म्हणे?

तुटत नाहीत, तेवढी ताकद मनगटात नसते. मात्र घासल्याने ऊब येते, तेल पातळ पसरतं आणि वरचा हिरवा भाग झटकन उडून जातो. ज्यासाठी हे अत्तर घेतलं तेच आधी जातं, म्हणून घासायचं नाही.

फाया कसा करायचा?

ज्यांच्या त्वचेला अत्तर सोसत नाही त्यांच्यासाठी हा जुना उपाय अजून उत्तम आहे. ज्वारीच्या दाण्याएवढा कापूस घ्या आणि बोटांत सैल वळा. घट्ट गोळी केली तर तेल आत अडकतं आणि वास बाहेर येत नाही. त्यावर सळईने एक टिपका द्या. दोन बोटांत हलकं दाबून जादा तेल टिशूवर उतरवा, आणि फाया कानाच्या वरच्या वळीत खोचा. कानाच्या भोकात अजिबात नाही. फाया ओला चमकत असेल तर तेल जास्त झालंय. नुसता पिवळसर डाग दिसायला हवा.

कानाला नको असेल तर तोच फाया कागदाच्या घडीत घालून सदऱ्याच्या खिशात ठेवा. पांढरा सदरा असेल तर घडी दुहेरी करा.

नाशिकच्या हवेत ऋतूप्रमाणे काय बदलायचं?

एप्रिल-मेमध्ये इथली दुपार कोरडी आणि 40 अंशांच्या आसपास असते. अंग तापलेलं असलं की तेल भराभर उडतं. सकाळी लावलेल्या अत्तराचा हिरवा भाग सिडकोहून सातपूरला पोचेपर्यंत संपतो आणि जड लाकूड एकदम अंगावर येतं. उन्हाळ्यात एकच टिपका, तोही झाकलेल्या जागी, आणि शक्यतो वाळ्याचा भाग जास्त असलेलं अत्तर. ऊद, अंबर, गोड मुखल्लत (अनेक तेलांचं अरबी मिश्रण) सूर्य मावळल्यावर.

पावसाळ्यात दमट हवेमुळे वास जास्त जाणवतो, तेव्हा प्रमाण वाढवायचं कारण नाही. खरी अडचण कपड्यांची. न वाळलेल्या सदऱ्याचा कुबट वास आणि वाळा एकत्र आले की चिखल तुडवल्यासारखा वास तयार होतो आणि दोष अत्तराला जातो. इगतपुरी-त्र्यंबककडे राहणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये कपड्यांना अत्तर लावूच नये. फक्त त्वचेवर लावावं, आणि कपडे आधी इस्त्रीने कोरडे करावेत.

थंडी हा या अत्तराचा खरा मोसम. पण डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पारा 10 अंशांखाली जातो, त्वचा फुटते आणि स्वेटरखाली वास दबून राहतो. तेव्हा मॉइश्चरायझर टाळू नका आणि एक टिपका मानेच्या मागे, केसांच्या रेषेजवळ द्या. मफलर हलला की वास वर येतो.

लावल्यावर अर्ध्या तासाने मला वास येतच नाही. उडून गेलं का?

बहुधा तुमच्या नाकाला सवय झाली आहे. सतत जवळ असलेला वास मेंदू मागे टाकतो. घरातल्या कुणाला तरी हातभर अंतरावरून विचारा, किंवा बाहेर फिरून या आणि मग कोपराची घडी हुंगा. काही जड कस्तुरी-वासाचे आणि कृत्रिम लाकडी वासाचे रेणू काही माणसांना जन्मतःच कमी जाणवतात. अशा वेळी नवऱ्याला दिवसभर वास येतो आणि बायकोला काहीच नाही, दोघंही खरं बोलत असतात.

वास येत नाही म्हणून दुपारी पुन्हा लावू नका. तिसऱ्या माणसाने ‘गेला’ म्हटल्यावरच लावा.

कपड्यांवर लावलं तर चालेल? पैठणीवर?

सुती, गडद रंगाच्या कपड्याच्या आतल्या शिवणीला एक टिपका चालतो. कपड्यावर अंगाची ऊब कमी, त्यामुळे वास हळू खुलतो आणि पुष्कळ टिकतो, कधी धुतल्यावरही राहतो. म्हणून रोज वेगळं अत्तर वापरणाऱ्याने कपड्यापासून लांबच राहावं.

पांढऱ्या खादीवर, लिननवर नको. काही अत्तरांना हिरवा रंग वरून घातलेला असतो आणि त्याचा डाग तेलाच्या डागापेक्षा हट्टी असतो. आणि येवल्याच्या पैठणीवर तर थेंबसुद्धा नाही. रेशीम तेल पिऊन घेतं, डागावर धूळ बसते, जरीची चमक जाते. पैठणी नेसायच्या अर्धा तास आधी अत्तर त्वचेवर लावा आणि पदर खांद्यावर जिथे येतो ती बाजू सोडा.

सुती कपड्यावर डाग पडलाच तर आधी पाणी लावू नका. डागावर तांदळाची पिठी किंवा टाल्कम पावडर दाबून तासभर ठेवा आणि झटका. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब बोटाने चोळून कोमट पाण्याने धुवा. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नको, उष्णतेने तो कायमचा बसतो. पैठणीवर पडला तर नुसती पिठी टाकून ड्रायक्लीनला द्या आणि ‘तेलाचा डाग आहे’ हे तोंडाने सांगा.

मोत्याचे दागिने, घड्याळाचा पट्टा?

अत्तर आधी, दागिने नंतर. मोत्यांची चमक आणि बेन्टेक्सच्या दागिन्यांचं पॉलिश तेला-अत्तराने खराब होतं. चामड्याच्या पट्ट्यात मुरलेला वास तर निघतच नाही.

त्वचेवर खाज, लाली, काळे डाग येतात. का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाज आणि लाली म्हणजे बहुधा एखाद्या घटकाची ॲलर्जी. लाकडी-हिरव्या मिश्रणात ओकमॉस नावाचं एक प्रकारचं दगडफूल वापरतात. त्यातल्या ॲलर्जी आणणाऱ्या घटकांमुळे त्याच्या वापरावर आंतरराष्ट्रीय मर्यादा आहेत, पण सुट्या विकल्या जाणाऱ्या मिश्रणात त्या पाळल्यात की नाही हे बाटलीवरून कळत नाही. नवं अत्तर आणलं की आधी कोपराच्या आत एक बारीक टिपका लावा, 24 तास ती जागा धुऊ नका आणि 48 तासांनी पुन्हा बघा. लाली, पुरळ, आग काहीही असेल तर ते अत्तर फायावर किंवा खिशातल्या कागदावरच.

काळे डाग उन्हाने पडतात. वरच्या ताजेपणासाठी बर्गमोट किंवा लिंबाच्या सालीचं तेल घातलेलं असेल तर ते लावलेल्या जागी ऊन लागून त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे तपकिरी डाग राहतो. मानेवर बाजूला पट्टा उमटलेले लोक दिसतात, त्यांतल्या काहींचं कारण हेच असतं. दुपारी बाहेर पडणार असाल तर लावलेली जागा कपड्याखाली हवी.

नुकती दाढी केलेल्या, वॅक्स केलेल्या किंवा सोललेल्या त्वचेवर लावू नका. लहान मुलांना तर लावूच नका. दम्याचा, अर्धशिशीचा त्रास असलेलं कुणी घरात असेल तर आधी विचारा.

जास्त लागलं तर कमी कसं करायचं?

पाण्याने धुऊन तेल पसरतं, जात नाही. कोरड्या कापसाने टिपा, मग कापसावर थोडं खोबरेल तेल घेऊन ती जागा पुसा, म्हणजे अत्तर त्या तेलात उतरेल. शेवटी साबण. इथे खोबरेल कामाला येतं. ऑफिसात अडकला असाल तर हॅन्ड सॅनिटायझर लावलेला टिशू निम्मं काम करतो.

स्प्रे, गजरा, उटणं यांच्याबरोबर कसं जमतं?

स्प्रे वापरायचाच असेल तर तेल आधी. ते मुरल्यावर वरून एकच फवारा, तोही लिंबूवर्गीय किंवा साधा. दोन बोलके वास एकत्र आले की भांडण होतं.

मोगऱ्याच्या गजऱ्याशी हे अत्तर छान जुळतं. मोगऱ्याच्या गोडीला हिरवा देठ मिळाल्यासारखं होतं. निशिगंधाबरोबर मात्र जड वाटतं. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगानंतर अंगाला उटण्याचा वाळा-नागरमोथा लागलेलाच असतो, त्यावर या अत्तराचा अर्धा टिपका पुरतो. वर्षातला एवढा तयार पाया पुन्हा मिळत नाही. चंदनाच्या साबणावर चालतं. लिंबाच्या, कडुनिंबाच्या साबणावर पहिली दहा मिनिटं कडू लागतं.

यात अल्कोहोल नसतं ना? नमाजाला, पूजेला चालेल?

तेल स्वरूपातल्या अत्तरात साधारणपणे इथाइल अल्कोहोल घालत नाहीत, म्हणूनच ते नमाजाला जाणाऱ्यांत आणि आखाती देशांत इतकं रुजलं. पण ‘तेल’ म्हणून विकलेल्या प्रत्येक बाटलीत नुसतं सुगंधी तेल नसतं. पातळ करायला डायप्रोपिलिन ग्लायकॉल, आयसोप्रोपिल मायरिस्टेटसारखी द्रव्यं घालतात. ती दारूतलं अल्कोहोल नव्हेत. शंका असेल तर हाताच्या पाठीवर थेंब पसरा. गार लागून चटकन सुकला तर त्यात अल्कोहोल मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी. शुद्ध तेल गार लागत नाही आणि चमक सोडतं.

देवाला वाहायचं असेल तर वेगळी कुपी ठेवा, अंगाला लागलेली सळई त्यात जाऊ नये. वाळा किंवा चंदनाचं साधं अत्तर त्यासाठी जास्त बरं. कस्तुरी लिहिलेलं असेल तर घाबरू नका. कस्तुरीमृगाला वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चं संरक्षण आहे आणि बाजारातली कस्तुरी कृत्रिम किंवा कस्तुरीभेंडीच्या बियांची असते.

असली-नकली कसं ओळखावं? ‘तोळा’ म्हणजे किती?

वजनाने तोळा 11.66 ग्रॅम. अत्तराच्या दुकानात तोळ्याची बाटली साधारण 12 मिलीची, अर्धा तोळा 6, पाव तोळा 3 मिली. पहिल्यांदा पाव तोळाच घ्या.

घरगुती चाचण्यांवर फार विसंबू नका. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून दुसऱ्या दिवशी पारदर्शक तेलकट वर्तुळ दिसलं तर खाद्यतेलासारखं न उडणारं तेल मिसळलेलं असू शकतं. पण चंदन आणि वाळाही कागदावर बराच काळ टिकतात, त्यामुळे या चाचणीने चांगलं अत्तरही बदनाम होतं. किंमत जास्त खरं बोलते. दीडशे रुपयांच्या 3 मिलीत अस्सल ऊद किंवा अस्सल चंदन असूच शकत नाही. त्यात वाईट काही नाही, चांगलं बांधलेलं कृत्रिम मिश्रण रोजच्या वापराला उत्तम असतं. वाईट एवढंच, की ते ‘शुद्ध ऊद’ म्हणून दहापट किमतीला विकलं जातं.

हिरव्या रंगावरून शुद्धता ठरवू नका. कन्नौजकडे तांब्याच्या डेगेत काढलेल्या रूह खसला, म्हणजे वाळ्याच्या शुद्ध तेलाला, तांब्यामुळे हिरवट झाक येते हे खरं, पण हिरवा रंग बाटलीत घालायला काहीच लागत नाही.

हे पुरुषांचं अत्तर आहे का?

लेबलवाल्यांना विचारा. आखातात बायका-पुरुष दोघंही लावतात.

कुठे लावून जाऊ नये?

दवाखान्यात रुग्णाला भेटायला, रक्तदानाला, बंद एसी डब्यातल्या लांबच्या प्रवासाला. आणि वाइन टेस्टिंगला तर मुळीच नाही. ग्लासातला हिरवेपणा द्राक्षाचा की तुमच्या कोपराचा हे शेजाऱ्यालाही कळत नाही. मिसळ खायला जाताना हरकत नाही, तिथे तर्रीपुढे अत्तराचं काही चालत नाही.

कुपी कशी ठेवावी? थंडीत तेल घट्ट का होतं?

काचेची, घट्ट बुचाची, कपाटाच्या अंधाऱ्या कप्प्यात. गाडीच्या डॅशबोर्डवर आणि बाथरूममध्ये नको. उन्हाने आणि हवेने आधी हिरवा भाग बिघडतो, मग तेलाला जुन्या खवट तेलासारखी झाक येते. निम्म्याहून रिकामी झालेली मोठी बाटली लहान कुपीत ओतून घ्या, आत हवा कमी राहते. चंदन, वाळा, ऊदाचा भाग जास्त असलेलं तेल जुनं होऊन सुधारतं. हिरव्या भागाचं तसं नाही. त्याच्यासाठी घेतलं असेल तर वर्ष-दोन वर्षांत वापरून टाका.

थंडीत घट्ट होणं हा बिघाड नाही, राळेचं आणि जड तेलाचं प्रमाण जास्त असल्याची ती खूण आहे. कुपी पाच मिनिटं मुठीत धरा. गॅसवर, गरम तव्यावर ठेवू नका.

रोल-ऑनची गोळी फिरत नाही, किंवा गळते.

फिरत नसेल तर गोळीभोवती वाळलेलं तेल चिकटलेलं असतं. झाकण लावून बाटली उभी कोमट पाण्यात पाच मिनिटं धरा, पुसा आणि गोळी तळहातावर हलकी दाबून फिरवा. गळत असेल तर प्लास्टिकची कडी सैल झालेली असते, कारण काही सुगंधी तेलं हलकं प्लास्टिक फुगवतात. ते तेल काचेच्या सळईवाल्या कुपीत काढा. गोळी दर आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर घाम आणि त्वचेचा मळ तिच्याबरोबर आत जातो.